जुना रंधा ओळखताना या चुका टाळा

स्टॅन्ली या अमेरिकन कंपनीचा बिडाचा जुना रंधा हाती आला की बहुतेक नवशिके दोन गोष्टी करतात. फ्रॉगच्या, म्हणजे पाते ज्यावर तिरके टेकते त्या तुकड्याच्या, मागे ओतलेली तारीख वाचून ते रंध्याचे वय ठरवतात आणि तासाभरात त्याला तारेच्या ब्रशने चकाकवतात.

ती तारीख पेटंटची असते, घडणीची नव्हे. १९१० च्या पेटंटची तारीख १९२० च्या दशकातल्या रंध्यांवरही ओतलेली आढळते. माझ्या पाच नंबरच्या, सुमारे १४ इंची रंध्याला मी दोन वर्षे ‘१९१० चा’ म्हणत होतो आणि त्याच हिशेबाने त्याचे पैसेही मोजले होते. एका परिचिताचा तसाच रंधा शेजारी ठेवला, तेव्हा माझ्या लिव्हर कॅपचे, म्हणजे पाते दाबून धरणाऱ्या झाकणाचे, भोक काजूगराच्या आकाराचे असल्याचे प्रथमच जाणवले. तसे भोक १९३३ पासून येऊ लागले. त्याआधीचे भोक किल्लीच्या छिद्रासारखे असे. पाते सोडवून पाहिले, तर त्यावर इंग्लंडमधल्या शेफील्डच्या ‘रेकॉर्ड’ या दुसऱ्याच कंपनीचा शिक्का निघाला. निरनिराळ्या रंध्यांचे भाग जोडून विक्रेत्याने तो मला अस्सल म्हणून दिला होता. तेव्हापासून पैसे देण्यापूर्वी मी पाते, कॅप आणि फ्रॉग सुटे करून प्रत्येकाचे वय वेगळे तपासतो. ज्या विक्रेत्याला हे खपत नाही, त्याच्याकडून मी रंधा घेत नाही.

साफसफाईतली घाई मला याहून जास्त खटकते. बिडावरचा काळा, डांबरी लेप भट्टीत भाजून बसवलेला असतो. ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश तो काही मिनिटांत उडवतो आणि मूळ रूप कायमचे जाते. मी रॉकेलने भिजवलेले फडके दोन दिवस गुंडाळून ठेवतो, मग सुती कापडाने पुसतो, आणि तळाचा गंज तेवढा बारीक पॉलिश कागदाने काढतो. एवढा धीर नसेल, तर सरळ नवा रंधा घ्यावा.

पाते पुढेमागे करणाऱ्या पितळी चाकीचे आटे बहुधा उलटे असतात, म्हणून ती काढताना जोर लावू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिसवी मुठींऐवजी रंगवलेल्या इतर लाकडाच्या मुठीही बसवल्या गेल्या, त्यामुळे तशी मूठ दिसताच ती नकली ठरवू नये. तोंडाच्या, म्हणजे तळातल्या ज्या फटीतून पाते बाहेर येते तिच्या, कोपऱ्यांवरून मात्र नख फिरवून पाहावेच. बिडाला तडा बहुधा तिथूनच जातो आणि गंजाखाली तो डोळ्यांना दिसत नाही.