फ्लॉइड रोज ब्रिजवर डी-ट्यूना वापरताना

गिटारच्या सहाव्या तारेचा ई स्वर एका झटक्यात डी वर आणणारा डी-ट्यूना हा छोटा भाग, तारा आणि स्प्रिंगा यांच्या ताणावर हवेत तोललेल्या फ्लॉइड रोज या हलत्या ब्रिजवर (तारा जिथे अडकवतात तो भाग) थेट बसवला, तर निराशाच पदरी पडते. ई (८२.४ हर्ट्झ) वरून डी (७३.४ हर्ट्झ) वर येताना त्या तारेचा ताण सुमारे एक पंचमांश घटतो, मागच्या स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे ब्रिजची मागची हालचाल रोखणे. सांगलीत मी ओळखीच्या सुताराकडून सागाची एक चीप तासून घेतली आणि ती ब्रिजखालचा धातूचा ठोकळा व पोकळीची भिंत यांच्यामध्ये, स्प्रिंगांच्या बाजूला, घट्ट बसवली. चीप कागदाच्या जाडीइतकी जरी सैल राहिली तरी सूर हलतो, म्हणून स्प्रिंगांचे दोन्ही स्क्रू अर्धा फेरा आवळून ठोकळा लाकडाला टेकवून ठेवावा. आता बार (ब्रिज हलवणारा दांडा) वर ओढता येत नाही, खाली मात्र दाबता येतो. माझ्या मते हा सौदा परवडणारा आहे.

डी-ट्यूना आत ढकलून फाइन ट्यूनरने (ब्रिजवरच्या बारीक सूर लावणाऱ्या स्क्रूने) ई लावावा, मग डी-ट्यूना बाहेर ओढून त्यावरच्या बारीक स्क्रूने डी जुळवावा. मिरजेच्या तंबोऱ्याचा मणी सरकवताना लागतो तोच हलका हात येथे हवा. दोन्ही स्वर दोन-तीनदा आलटून पालटून तपासावेत.