फिरायला गेल्यावर लेख अडकतो? घड्याळ बघून देश निवडा

परदेशात फिरायला गेलं की लिखाणाचं काम बोंबलतं, आणि संपादकांचे फोन नेमके फोटो काढताना येतात. मी नाशिकहून दिवाळी अंकांसाठी लिहिते, मला हा उपाय लागू पडला.

१. शक्यतो पूर्वेकडचा देश घ्या. थायलंड, व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहेत, बाली अडीच तास. थायलंडमध्ये सकाळी ६ ला बसलं तर नाशिकात साडेचारच वाजलेले असतात, कॉलेज रोडवर अजून दूधवालापण आलेला नसतो, एकही फोन नाही, ९ पर्यंत निवांत लिहून होतं आणि मग अख्खा दिवस मोकळा.

२. युरोपला जाणार असाल तर उलटं करा, उन्हाळ्यात फ्रान्स, जर्मनीसारख्या देशांपेक्षा भारत साडेतीन तास पुढे असतो, म्हणून रात्री लिहून ठेवा, संपादकांना सकाळी उठल्या उठल्या मिळतं.

३. दिवसभर फिरताना मराठीत व्हॉइस टायपिंगने दोन-चार ओळी बोलून ठेवायच्या, सकाळी कोऱ्या पानापासून सुरुवात नको.

४. फाइल ऑफलाइन उघडते का ते घरूनच तपासा, हॉटेलच्या वायफायवर विसंबू नका.

एक मात्र सांभाळा, टुरिस्ट व्हिसावर तिथल्या कुणाचं पैसे घेऊन काम धरू नका, आणि इथलंच काम करणार असाल तरी त्या देशाचे नियम आधी वाचा.