ग्रेनाडाला निघण्याआधी: आधी समुद्र, मग किल्ले

कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा या बेटांच्या देशात पर्यटक म्हणून जाताना भारतीय पासपोर्टवर आगाऊ व्हिसा लागत नाही, आणि माणूस गाफील राहतो तो इथेच. मुंबईहून थेट विमान नाही. वाट न्यूयॉर्क-मायामीची, नाहीतर लंडनची. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा हवाच. हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढे जायचं तर ब्रिटनच्या हद्दीत शिरावं लागतं, म्हणजे ट्रान्झिट व्हिसाचं बघावं लागतं. तेव्हा आधी वाटेतला व्हिसा, मग तिकीट, मग हॉटेल. नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्याआधी दूतावासाची माहिती पुन्हा एकदा वाचा. परतताना त्रिनिदादला मुक्काम करणार असाल तर पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी टोचून घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. ते नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात.

जायचं ते जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम. बेट १२ अंश उत्तरेला, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या जरा खाली आहे, त्यामुळे ‘इथवर येत नाहीत’ असं सांगणारे भेटतील. पण २००४ मध्ये ‘आयव्हन’ने बेटावरच्या बहुतेक घरांचं नुकसान केलं, आणि १ जुलै २०२४ ला ‘बेरिल’ कारियाकू या धाकट्या बेटावर धडकलं. कारियाकूला राहायचं असेल तर जुने फोटो बघून बुकिंग करू नका. थेट फोन करून काय सुरू आहे ते विचारा.

डायव्हिंगची तयारी मात्र घरूनच. मालवणला प्रशिक्षक धरून नेतो ती डुबकी आणि हातात मिळणारा व्हिडिओ म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ग्रेनाडातलं डाइव्ह सेंटर कार्ड मागणार. तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या संस्थेत किंवा गोव्यात ओपन वॉटरचा कोर्स होतो, पण पावसाळ्यात समुद्र बंद, त्यामुळे आदल्या हिवाळ्यातच तो उरकायला हवा. ओपन वॉटर म्हणजे १८ मीटरपर्यंत, अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे ३०. हा फरक इथे फार महत्त्वाचा, कारण जो तो विचारतो ‘बियांका सी’बद्दल. सुमारे १८० मीटर लांबीचं हे इटालियन प्रवासी जहाज ऑक्टोबर १९६१ मध्ये राजधानी सेंट जॉर्जेसच्या बंदराबाहेर स्फोट होऊन पेटलं आणि दोन दिवसांनी बुडालं. गावकऱ्यांनी होड्या घालून प्रवाशांना किनाऱ्यावर आणलं. त्या उपकाराची आठवण म्हणून कंपनीने दिलेला ख्रिस्ताचा पुतळा बंदरावर, कॅरेनाजच्या धक्क्यावर आहे. जहाज टेकलंय सुमारे ५० मीटरवर, वर प्रवाहाचा जोर. नवं कार्ड घेऊन तिथे उतरायचा हट्ट धरू नये, आणि ‘चला, काही होत नाही’ म्हणणाऱ्या सेंटरवर तर अजिबात जाऊ नये.

नवख्यांसाठी मोलिनिअरचा उपसागर आहे. जेसन डी-केअर्स टेलर यांनी २००६ मध्ये तिथे समुद्रतळाशी शिल्पं मांडली. हात धरून गोलात उभी असलेली २६ मुलं आता प्रवाळ आणि स्पंजांनी मढली आहेत. नुसता स्नॉर्कल लावूनही ती दिसतात. मास्क मात्र स्वतःचा न्या, चश्मा असेल तर नंबरचा. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या, प्रवाळाला त्याचा त्रास कमी. विमा काढताना त्यात डायव्हिंग आणि डीकंप्रेशनचा (खोलातून वर येताना दाब घटल्याने होणाऱ्या त्रासाचा) उपचार येतो का हे कागदावर बघून घ्या. नेहमीच्या प्रवासविम्यात बहुधा नसतो.

आता दिवसांचा क्रम. सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जायला हवेत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण बेटाच्या मधोमध असलेलं ग्रँड एतांग हे ज्वालामुखीच्या विवरातलं तळं ५०० मीटरहून उंच आहे, आणि सकाळी खोल डाइव्ह करून दुपारी डोंगर चढणंही धोक्याचंच, हे टूरवाले सांगतीलच असं नाही. म्हणून पहिले दिवस समुद्राचे, शेवटचे डोंगर आणि किल्ल्यांचे.

किल्ले बघण्याआधी थोडं वाचून जा. फोर्ट जॉर्ज नुसता बघितला तर तोफा आणि बंदराचा देखावा, एवढंच हाती लागेल. १९ ऑक्टोबर १९८३ ला पंतप्रधान मॉरिस बिशप यांना सात जणांसह याच किल्ल्याच्या चौकात गोळ्या घातल्या. सहा दिवसांनी अमेरिकेचं सैन्य उतरलं. बिशप आणि त्या सात जणांचे मृतदेह आजही सापडलेले नाहीत. तुम्ही उतरता त्या विमानतळाला बिशप यांचंच नाव आहे. उत्तरेला सोतेर गावात तो कडा आहे, जिथून १६५१ मध्ये फ्रेंचांच्या हाती लागण्यापेक्षा इथल्या मूळच्या कालिनागो लोकांनी समुद्रात उड्या घेतल्या असं सांगतात. तिथून बाथवेचा किनारा जवळ; खडकांच्या आडोशामुळे काठालगत पोहता येतं. शेजारच्या लेव्हेराला पोहू नका. मार्च ते ऑगस्टमध्ये कासवं अंडी घालायला येतात ती तिथेच, पण रात्री वाटाड्याशिवाय जाता येत नाही. बाकी लोळायला तीन किलोमीटरचा ग्रँड आन्स आहेच.

बॅगेत लष्करी छापाचं काहीही नको, मुलांची टोपीसुद्धा. कायद्याने बंदी आहे. वीज आपल्यासारखी २३० व्होल्ट, पण प्लग ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचा, तेव्हा अ‍ॅडाप्टर. एका अमेरिकन डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर हा दर ठरलेला आहे. मिनीबससाठी सुटे ठेवा. गाडी डावीकडूनच चालवतात, पण भाड्याने घेतली तर स्थानिक परवाना काढावा लागतो. शाकाहारी असाल तर बटाटा-चण्याची रोटी मागा. १ मे १८५७ ला ‘मेडस्टोन’ जहाजातून आलेल्या भारतीय मजुरांची ती देणगी. ‘ऑइल डाउन’ म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला आपला नीरफणस, पण त्यात खारवलेलं मांस असतं, आधी विचारा.

जायफळ अख्खं आणण्यापेक्षा त्याचा जाम आणा, बियाण्यांना विलगीकरणाचे नियम लागतात. आणि १७८५ पासून चालणाऱ्या रिव्हर अँटवान भट्टीची ७५ टक्क्यांची रम विमानात चालत नाही. ७० टक्क्यांच्या वरचं काहीच चालत नाही. म्हणून ते ६९ टक्क्यांचीही करतात. ती मागा, आणि बाटली चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध.