मॅट वार्निशनंतर ड्रॅगनच्या पंखांवर पांढरट थर आला: असा घालवला

मुंबईचा जुलै. वॉरगेमसाठी (टेबलावर छोट्या मूर्तींनी खेळायचा युद्धखेळ) रंगवलेल्या ड्रॅगनच्या मोठ्या रेझिन मॉडेलवर स्प्रेचं मॅट, म्हणजे चमक न येणारं, वार्निश मारलं आणि वाळल्यावर गडद लाल पंख पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे झाले. खवल्यांच्या खाचांत तर थर जास्तच. इतक्या मेहनतीचे शेडिंग गेलं म्हणून जीव हळहळला.

ओल्या कापडाने पुसलं, हेअर ड्रायर फिरवला, काही फरक नाही. त्याच स्प्रेचा आणखी एक हात दिला, तर पांढरेपणा वाढलाच.

उपाय ग्लॉस, म्हणजे चमकदार, वार्निशचा. थराखालचा रंग शाबूत असतो. वरच्या खडबडीत पृष्ठभागावर उजेड विखुरतो म्हणून पांढरं दिसतं. ग्लॉस ते खड्डे भरतं.

आधी मॉडेल रात्रभर कोरड्या खोलीत वाळू दिलं. मऊ ब्रशने सुटी भुकटी झाडली. मग पाण्यात विरघळणारं ॲक्रिलिक ग्लॉस वार्निश, थेंबभर पाणी घालून, रुंद मऊ ब्रशने लावलं. पंखाच्या दोन काड्यांमधला एकेक पडदा पुरा करत गेलो. खाचेत साचलेलं लगेच कोरड्या ब्रशने टिपलं. ओलं असतानाच लाल रंग परत दिसू लागतो. हट्टी जागांवर दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात.

ग्लॉस पूर्ण वाळल्यावर मॅट वार्निश, पण ब्रशनेच, दोन पातळ हात. बाटली नीट हलवा, मॅट करणारी पावडर तळाला बसते. दमट हवेत स्प्रे असा पांढरा पडू शकतो, म्हणून पावसाळ्यात स्प्रे मी बंदच ठेवतो.