पहिल्या पाळीची तयारी: दप्तरातला पाऊच आणि बाकीचं

मुलीच्या स्तनाग्रामागे दुखरी गाठ हाताला लागली की आया घाबरतात. कधी एकाच बाजूला लागते, दुसरी काही महिने मागे राहते. बहुतेक वेळा ही वयात येण्याची सुरुवात असते. तिथून साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. अंगावरून पांढरं जायला लागलं की सहा महिने ते वर्षभरात. सगळं समजावून सांगायचं ते याच काळात, डाग पडल्यावर नाही.

दप्तराच्या आतल्या कप्प्यात कापडी पाऊच ठेवा. त्यात दोन पॅड, एक निकर, वर्तमानपत्राचे दोन-तीन तुकडे आणि खराब निकर ठेवायला झिपची पिशवी. नुसता पाऊच देऊन भागत नाही, घरी एकदा पॅड लावून दाखवा. मागचा कागद काढायचा, चिकट बाजू निकरच्या कापडावर दाबायची, पंख खालून दुमडायचे. पंख वर राहिले तर मांडीला घासतात आणि पॅड सरकतो. नव्या मुली पॅड फार पुढे लावतात, म्हणून बाकावर बसल्यावर डाग मागे पडतो.

दर चार ते सहा तासांनी पॅड बदलायचा, रक्त कमी असलं तरी. शाळा सुटल्यावर बसमध्ये चढण्याआधी बदलायचाच. घोडबंदर रोडला बस किती वेळ अडकेल याचा नेम नाही. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात. संडासात टाकला तर तो फुगून पाइप तुंबतो, आणि सोसायटीत तो पाइप सगळ्या मजल्यांचा असतो.

डाग गार पाण्यातच धुवा. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं कापडात घट्ट बसतात.

आपल्याकडे खरा त्रास पावसाळ्यात होतो. ठाण्यात जुलैत निकर दोन दिवस वाळत नाही. कापड कोरडं वाटतं, पण इलॅस्टिकची शिवण चिमटीत धरली की गार लागते. तशीच घातली की जांघेत खाज, मग गजकर्ण. सुती निकर सहा-आठ जास्तीच्या घ्या, पंख्याखाली वाळवा, शिवणीवरून इस्त्री फिरवा.

पोटात दुखलं तर टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी 15-20 मिनिटं ओटीपोटावर ठेवा. अंघोळ, केस धुणं, खेळणं, सगळं चालतं. आणि तिला बाजूला बसवू नका, कृपा करून. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही. शी काळी होते, त्याने घाबरू नका.

पाळीचा पहिला दिवस कालनिर्णयवर खुणेने मांडा. या पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं, कारण दर महिन्याला बीज बाहेर पडतंच असं नाही.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं? सात दिवसांपेक्षा जास्त रक्त जातंय, पॅड तास-दोन तासांत भिजतोय, तीन महिने पाळी नाही, दुखण्याने शाळा बुडतेय. आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली, तेराव्या वर्षापर्यंत काहीच बदल नाही किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी नाही, तरीही.