रायफलच्या रीलोडिंगसाठी पहिली पावडर कशी निवडावी

रीलोडिंग म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी नवा प्राइमर (पावडर पेटवणारी टोपी), पावडर आणि गोळी घालून पुन्हा भरणं. दुकानात पावडरचा जो डबा मिळाला तो आधी घ्यायचा आणि तो कशात चालेल हे मग शोधायचं, इथेच बहुतेक नवशिक्यांची गाडी चुकते. क्रम असा ठेवा: आधी काडतुसाचं कॅलिबर, मग गोळीचं वजन आणि प्रकार, मग त्या दोन्हींचा लोड डेटा (कुठली पावडर किती भरायची याचे आकडे) असलेलं मॅन्युअल, आणि पावडर सगळ्यात शेवटी. त्याही आधी, आपल्याकडे रीलोडिंगला परवानगी आहे का आणि घरात किती पावडर ठेवता येते, हे कायद्यात बघून घ्या.

इथे फक्त धूरविरहित पावडरचा विचार केला आहे. काळी दारू ही वेगळी वस्तू आहे. तिच्यासाठी बनवलेल्या बंदुकीत धूरविरहित पावडर कधीही घालायची नाही, थोडीशीसुद्धा नाही.

पावडर निवडताना खरी गोष्ट असते ती जळण्याचा वेग. पुंगळी मोठी आणि नळीचा व्यास लहान असेल, तर पावडर हळू जळणारी लागते. गोळी जड असेल तरीही तसंच. जड गोळी जागची हलायला वेळ घेते, तोवर मागची जागा वाढत नाही, आणि जलद पावडरचा दाब झटक्यात वर जातो. म्हणून .२२३ रेमिंग्टन या छोट्या काडतुसासाठी एच३३५ किंवा बेंचमार्कसारख्या तुलनेने जलद रायफल पावडरी वापरतात. .३०८ विंचेस्टरसाठी एच४८९५, वार्गेट, आयएमआर ४०६४ या मधल्या पट्ट्यातल्या, ६.५ क्रीडमूरसाठी एच४३५०, तर जास्त पावडर मावणाऱ्या मोठ्या मॅग्नम काडतुसांसाठी एच१००० किंवा रिटंबो. पिस्तुलाच्या पावडरी याहून कितीतरी जलद असतात. टाइटग्रुपसारखी पावडर चुकून रायफलच्या पुंगळीत नेहमीच्या मापाने भरली गेली, तर रायफल फुटते. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा. दुसरा कपाटात, बंद.

जळण्याच्या वेगाचे तक्ते सगळीकडे मिळतात, पण त्यात फक्त क्रम असतो. एकोणिसावी आणि विसावी पावडर यांच्यात किती अंतर आहे, हे तक्ता सांगत नाही. शेजारच्या पावडरचा डेटा उचलून वापरणं म्हणूनच धोक्याचं. आकडे सारखे असले तरी फसू नका: एच४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत, दोघींचा डेटा वेगळा. उलट एच४८३१ आणि एच४८३१एससी यांचा डेटा एकच, कारण दुसरीत दाणा फक्त आखूड कापलेला असतो. नाव अक्षरन्‌अक्षर जुळवून बघायची सवय लावा.

आता दाण्याचा आकार. काडीसारख्या दाण्याच्या पावडरी बऱ्याचदा तापमानातल्या फरकाला कमी बधतात, पण लांब काडी पावडर मेजरमध्ये (दांडा फिरवला की ठरावीक माप टाकणाऱ्या साधनात) अडकते. दांडा फिरवताना ‘कट्‌’ असा झटका लागतो, म्हणजे काडी कापली गेली आणि माप थोडं इकडेतिकडे झालं. अशी पावडर जरा कमी टाकून बाकीची ट्रिकलरने (थोडे थोडे दाणे टाकणाऱ्या नळीने) वजनकाट्यावर पूर्ण करावी. गोल दाण्याच्या पावडरी पाण्यासारख्या ओघळतात, मेजरमधून जवळजवळ सारखं माप देतात; .२२३ मोठ्या संख्येने भरणाऱ्याला त्या सोयीच्या. मात्र त्यांतल्या अनेक पेटायला जड असतात, आणि काहींसाठी डेटात मॅग्नम (जास्त जोराचा) प्राइमर सांगितलेला असतो. सांगितला असेल तरच तो वापरा. थंडीत तयार केलेला कमाल लोड (पावडरचं सर्वांत जास्त माप) कडक उन्हात तापलेल्या रायफलमध्ये मर्यादा ओलांडू शकतो, म्हणून हवामान बदलणाऱ्या ठिकाणी तापमानाला स्थिर पावडर घेतलेली बरी.

पुंगळी किती भरते, हा नवशिक्यासाठी सर्वांत मोलाचा निकष. मापाने पुंगळी साधारण ८५ ते १०० टक्के भरत असेल अशी पावडर निवडा. दोनदा माप पडलं तर पावडर तोंडातून बाहेर सांडते आणि चूक तिथेच दिसते. अर्धीच पुंगळी भरणाऱ्या पावडरमध्ये दुहेरी माप डोळ्यांना कळणारही नाही. तरी गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या भोकं असलेल्या ठोकळ्यात उभ्या करून विजेरीने आत बघा: पातळी सगळीकडे सारखी हवी.

अर्धस्वयंचलित रायफल असेल तर यादी आणखी आखूड होते. एम१ गॅरँड या जुन्या अमेरिकी सैनिकी रायफलमध्ये फार हळू जळणाऱ्या पावडरमुळे गॅस पोर्टजवळ (नळीतला गॅस बाहेर घेणाऱ्या भोकाजवळ) दाब जास्त राहतो आणि यंत्रणा मागे ढकलणारा ऑपरेटिंग रॉड वाकतो. तिथे आयएमआर ४८९५ किंवा ४०६४च्या आसपासच्या वेगाची पावडर आणि खास गॅरँडसाठी दिलेला डेटाच घ्यावा.

.३०८च्या बोल्ट रायफलवर (जिचा बोल्ट, म्हणजे पुंगळीमागचा खिट्टा, हाताने मागेपुढे करतात) सुरुवात करणाऱ्याला एकच नाव सांगायचं तर एच४८९५. दाणा आखूड, डेटा भरपूर, आणि ती विकणारी हॉजडन कंपनी स्वतः या पावडरचा लोड कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरवायला परवानगी देते. ही सवलत इतर पावडरींना लावू नका. हळू जळणाऱ्या पावडरचं माप किमान आकड्याखाली नेल्यास दाब अचानक भडकण्याचा धोका असतो. ‘कमी भरलं म्हणजे सुरक्षित’ हे इथे खोटं ठरतं.

किती डबे घ्यायचे याचा हिशोब सोपा आहे. एका पौंडात ७००० ग्रेन (पावडर याच एककात तोलतात). .२२३ला साधारण २५ ग्रेन धरले तर २८० काडतुसं, .३०८ला ४४ धरले तर १५९. हे आकडे फक्त खरेदीसाठी, भरण्यासाठी नाहीत. सुरुवातीला एकच पौंड घ्या.

काट्यावर एकक ग्रेन आहे ना, ते प्रत्येक वेळी तपासा. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. काही इलेक्ट्रॉनिक काटे बटण चुकून दाबलं गेलं की ग्रॅमवर जातात. तपासणी वजन ठेवून ०.१ ग्रेनपर्यंत खात्री केल्याशिवाय पहिलं माप टाकू नका.

भरणं नेहमी मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून. फक्त कमाल माप दिलं असेल तर त्यातून १० टक्के वजा करा. .३०८मध्ये ०.३ ते ०.५ ग्रेनच्या पायरीने, .२२३मध्ये ०.२च्या पायरीने वर जा. बोल्ट उचलायला जड जाणं, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरची (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीची) चमकदार खूण, प्राइमर चपटा होऊन कडा भरून येणं, प्राइमर बसतो ती खाच सैल पडणं: यातलं काहीही दिसलं की थांबा आणि खाली या. पण या खुणा उशिरा दिसतात, दाब तोवर वाढलेला असतो. त्यामुळे खूण दिसली नाही म्हणून कमाल आकडा ओलांडायचा नाही. गोळीचा ब्रँड, पुंगळी किंवा प्राइमर बदलला, तर पुन्हा तळापासून. पूर्ण तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिसं भरलेल्या गोळीपेक्षा लांब असते, आणि सैनिकी पुंगळीची भिंत बरेचदा जाड असल्याने आत जागा कमी उरते. दोन्हींमुळे दाब चढतो. त्याच पावडरच्या नव्या लॉटचा (वेगळ्या खेपेत बनलेला) डबा उघडला तरी माप उतरवून पुन्हा पायरीपायरीने चढा, आणि दोन लॉट एकमेकांत मिसळू नका.

काम संपलं की मेजरमधली पावडर लगेच तिच्याच मूळ डब्यात परत ओता. रात्रभर राहिलेल्या पावडरचं नाव सकाळी खात्रीने सांगता येत नाही, आणि नाव माहीत नसलेली पावडर टाकूनच द्यायची असते. डबा थंड, कोरड्या जागी, मूळ झाकणासकट ठेवा. जाड, हवाबंद लोखंडी पेटीत कोंडू नका. चांगल्या पावडरला थिनरसारखा सौम्य वास येतो. झाकण उघडताच नाकाला झोंबणारा आंबट वास आला, दाण्यांवर गंजासारखी लालसर धूळ दिसली किंवा तपकिरी वाफ निघाली, तर ती पावडर कुजू लागली आहे. ती वापरायची नाही, इतर डब्यांपासून लगेच वेगळी काढून विल्हेवाट लावायची.