गारपिटीनंतर छताचा विमा क्लेम : या चुका टाळा

गारा थांबल्या की घरातला कोणीतरी हमखास शिडी शोधायला लागतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि तिचा विम्याशी काही संबंध नाही. सिमेंटचा पत्रा गारांच्या माराने आतून चिरलेला असू शकतो. तो वरून धड दिसतो, पण पाय पडला की खचतो. उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे तर जुने झाले की माणसाचं वजन पेलतच नाहीत. त्यात छत ओलं, वर विरघळत असलेल्या गारा. त्यामुळे पहिली पाहणी खालूनच करा. शेजारच्या गच्चीवरून, खिडकीतून, मोबाइलचा झूम वापरून. घरात दिवे बंद करून वर पाहिलं तर फुटक्या पत्र्यातून येणारा उजेड स्पष्ट दिसतो. जुन्या सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून पडलेले तुकडे कोरडे झाडू नका आणि कापू तर मुळीच नका. ओले करूनच उचलावेत, शक्यतो माहितगार माणसाकडून.

दुसरी चूक म्हणजे गारा विरघळू देणे. गारेचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवा. दोन-चार मोठ्या गारा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकल्या तर आणखी बरं. हा खटाटोप कशासाठी, तर गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचं वजन आठपट होतं, खाली येण्याचा वेगही वाढतो आणि आदळण्याची ऊर्जा जवळपास सोळापट होते. ‘मोठ्या गारा पडल्या’ या वाक्याला सर्व्हेअर (नुकसान मोजायला विमा कंपनी पाठवते तो पाहणी करणारा) किंमत देत नाही, चार सेंटिमीटरच्या गारेच्या फोटोला देतो. सौर पॅनेलचंही तसंच. त्यांची सर्वसाधारण चाचणी २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्याने, सेकंदाला सुमारे २३ मीटर वेगाने होते. म्हणजे ‘गारांना टिकणारं’ असं लिहिलेलं पॅनेल त्याहून मोठ्या गारेला टिकेलच असं नाही. काच अखंड दिसली तरी आतले सेल चिरलेले असू शकतात, तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या वीजनिर्मितीचे आकडे जपून ठेवा.

आता खरा मुद्दा. क्लेम अडकतो किंवा कापला जातो तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर : हे नुकसान या गारपिटीचं, की आधीचंच? त्याचं उत्तर तुम्हाला सर्व्हेअरच्या आधी द्यायचं असतं आणि ते छतावरच लिहिलेलं असतं, फक्त वाचता यायला हवं.

कौलाची ताजी फूट आतून स्वच्छ, मूळ मातीच्या रंगाची दिसते. जुन्या चिरेत शेवाळ, धूळ, काळपटपणा बसलेला असतो. सिमेंटच्या पत्र्याला गार लागली की कधी सरळ भोक पडतं, तर कधी वर फक्त ठिपका दिसतो आणि खालच्या बाजूला चांदणीसारख्या बारीक चिरा पडतात. म्हणून खालची बाजू पाहिल्याशिवाय ‘काही झालं नाही’ म्हणू नका. लोखंडी पत्र्यावरचे पोचे सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दिसतात. दुपारी डोक्यावरच्या उन्हात काढलेल्या फोटोत तोच पत्रा कोरा करकरीत वाटतो. पोच्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तिथला रंग किंवा मुलामा तडकलाय का, दोन पत्र्यांचा जोड उघडलाय का, स्क्रूचे वॉशर सैल झालेत का. डांबरी शिंगल (छतावर कौलांसारखे बसवलेले डांबराचे तुकडे) असतील तर त्यांवरचे खडीसारखे कण निघून काळे, दाबल्यावर मऊ लागणारे डाग पडतात आणि ते कण पन्हळीत जमा होतात. पण शिंगल म्हातारे झाले तरीही कण गळतात. फरक असा की गारांचे डाग छतभर वेडेवाकडे विखुरलेले असतात आणि वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर जास्त असतात. वयाने होणारी झीज सगळीकडे सारखी पसरते.

काँक्रीटच्या स्लॅबला गारांनी सहसा काही होत नाही. तिथे घोळ वेगळाच होतो : गारा आणि पालापाचोळ्याने पाणी जायचे पाइप तुंबतात, गच्चीवर तळं साचतं आणि पाणी घरात उतरतं. स्लॅबवाल्यांनी तुंबलेल्या तोंडाचा आणि साचलेल्या पाण्याचा फोटो काढायलाच हवा, कारण पाणी ओसरल्यावर सांगायला काही उरत नाही. गच्चीवरच्या टाकीची झाकणं आणि सोलर हीटरच्या काचेच्या नळ्याही पाहून घ्या.

छताइतकेच बोलके पुरावे छताबाहेर असतात. एसीच्या बाहेरच्या युनिटवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या इतक्या मऊ असतात की गार कुठल्या दिशेने आली आणि साधारण केवढी होती, हे त्यांवरच्या पोच्यांवरून कळतं. पन्हळी, गाडीचं टप, खिडकीच्या जाळ्या, रंगवलेलं फाटक या सगळ्यांचे फोटो काढा. एकाच बाजूला, एकाच मापाचे व्रण पडलेले असतील तर छताचं नुकसान जुनं आहे असं म्हणणं अवघड जातं. गारपिटीआधीचा छताचा एखादा फोटो जुन्या अल्बममध्ये सापडला, तर त्याहून मोठा साक्षीदार नाही.

दुरुस्तीबाबत लोक दोन टोकं गाठतात. काही जण दुसऱ्याच दिवशी सगळे पत्रे बदलून फुटके भंगारात देतात आणि मग फोटो मागितले की वरातीमागून घोडं. काही जण ‘सर्व्हेअर येईपर्यंत हात लावायचा नाही’ म्हणून उघड्या छताखाली बसून राहतात. मधल्या दिवसांत पाऊस होऊन गाद्या, फर्निचर, छताखालचं लाकूड खराब झालं, तर ‘नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी होती’ असं कंपनी म्हणू शकते. बहुतेक पॉलिसींत तशी अट असतेच. म्हणून आधी फोटो, मग ताडपत्री. तात्पुरत्या कामाची पावती ठेवा, फुटलेले नमुने बाजूला ठेवा आणि कायमची दुरुस्ती पाहणीनंतर करा.

कळवताना शब्द जपून वापरा. ‘छत गळतंय’ एवढंच लिहिलं की ते प्रकरण जुन्या झिरपणीच्या खात्यात जायला वेळ लागत नाही आणि देखभालीअभावी होणारी झिरपणी बहुतेक पॉलिसींत बाहेर ठेवलेली असते. आधी कारण, मग परिणाम : ‘अमुक तारखेला, अमुक वेळी गारपीट झाली, तिने पत्रे फुटले, त्यातून पाणी आत आलं.’ फोन केला असेल तरी ईमेल किंवा पत्र पाठवाच आणि क्लेम क्रमांक लिहून घ्या. कळवण्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते. नुकसानाचा अंदाज तयार नाही म्हणून ती चुकवू नका, तो नंतर देता येतो.

पॉलिसी मात्र त्याच दिवशी काढून बसा. गारपीट किंवा वादळ हे जोखमींच्या यादीत आहे का? भरपाई नव्या छताच्या किमतीने आहे की घसारा, म्हणजे वयाने कमी झालेली किंमत, वजा जाता? वीस वर्षं टिकणारं छत दहा वर्षं वापरलेलं असेल, तर घसाऱ्याच्या पॉलिसीत साधारण निम्मी रक्कम आधीच गेली असं धरा. विमा घराच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी रकमेचा असेल तर अनेक पॉलिसींत त्याच प्रमाणात भरपाईही कापतात : विमा निम्म्या किमतीचा असला तर छोट्या नुकसानीचेही निम्मेच पैसे. काही पॉलिसींत दिसण्यापुरते पोचे धरत नाहीत. तिथे मुलामा तडकल्याचे, जोड उघडल्याचे जवळून काढलेले फोटोच कामी येतात. आणि दर क्लेममागे तुमच्या खिशातून जायचा ठरावीक हिस्सा नुकसानीपेक्षा मोठा असेल, तर क्लेम करण्यात अर्थच नाही. हा हिशेब आधी करावा, नंतर चिडून नव्हे.

सर्व्हेअर येईल तेव्हा घरी थांबा, किल्ली शेजाऱ्याकडे देऊन कामाला जाऊ नका. खोलीनिहाय आणि उतारनिहाय यादी हातात द्या आणि तिची प्रत आपल्याकडे ठेवा. तो कुठला भाग न पाहताच निघाला, तर नम्रपणे दाखवा आणि नंतर ईमेलमध्ये तसा उल्लेख करा. जुनं नुकसान लपवू नका. उलट ‘हे दोन पत्रे आधीचेच फुटलेले’ असं आपणहून सांगितलं की उरलेल्या यादीवर विश्वास बसतो.

गारपिटीनंतर दारोदार फिरणाऱ्या छतवाल्यांपासून जपा. ‘तुमचा हिस्सा आम्ही भरतो, बिल आम्ही बघतो’ म्हणजे बिल फुगवणार. बिल खोटं निघालं तर अडचणीत तुम्ही येता, तो नाही. कोऱ्या कागदावर किंवा क्लेमचे हक्क त्याच्या नावे करणाऱ्या कागदावर सही नको. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून लेखी अंदाजपत्रक घ्या, त्यात साहित्य, मजुरी आणि मोजमाप वेगळं लिहून मागा.

रक्कम कमी आली तर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी हिशेबाचा तपशील मागा : कुठला पत्रा वगळला, घसारा किती टक्के धरला, कुठल्या कलमाने. नकार आला तरी तो कलमासह लेखीच घ्या, कारण तक्रार कक्षात किंवा त्यापुढे विमा लोकपालासारखी (विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी) सोय असेल तिथे फोनवरचं बोलणं चालत नाही. जुने पत्रे उतरवल्यावर खालचे वासे, रिपा कुजलेल्या किंवा भिजलेल्या सापडल्या, तर तिथेच काम थांबवा, फोटो काढा आणि नवे पत्रे चढण्याआधी पुरवणी क्लेमसाठी कंपनीला कळवा.